मातीची बांगडी

घाटंजीच्या रस्त्यानं, पेट्रोलपंपाच्या अंगाले,
हिरव्या जाळीखाली माही नर्सरी.
पोरानं पाटी रंगवली, मैना रोपवाटिका.
लोक म्हणतात, चाल, मैनाबाईले विचारू.
रोप घेतात एक,
प्रश्न असतात सात.

मास्तरीणबाई आल्या परवा,
तुळस पदराआड, नुसती काडी झालेली.
रोज पाणी घालतो जी, तरी वाळली काहून?
म्या म्हटलं, घरात जणी किती?
सून घालते सकाळी, सासू आंघोळ झाल्यावर,
पोरीचा पेपर असला तर तांब्याभर जास्तीचं.
वाळली नाही, बाई, हे बुडाली.
कुंडीच्या बुडाले भोक पाडा
आन् पुण्याचे वार लावून घ्या.

तलाठी साहेबाचा कढीपत्ता
दोन वर्सापासून वीतभरच.
तोडत नाही आम्ही, म्हणे, वाढू दे बिचाऱ्याले.
तोडा न जी! शेंडा खुडा, फोडणीले घ्या.
थो कोणी मागितल्याबिगर देतच नाही,
मोठ्या जावेसारखा.

कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी
गुलाबाले चालते का?
टाकीच्या कडेवरून बोट फिरवा.
पांढरं लागलं न?
होळीपासून बोअरचं पाणी आटून आटून
खाली थो खार राह्यला.
तुम्ही पेसान का?

धरणाच्या कॉलनीत इंजिनीअर साहेबाचं लॉन.
लॉन म्हणजे हरळीच थे, दुसरं काही नाही.
चाळीस वर्सं दुसऱ्याच्या वावरातून म्या हरळी खणली,
बोटभर मुळी राह्यली तं आठ दिवसात
बांधापलीकून डोकं काढे.
उजव्या हाताचं एक नख तिच्याच पायी गेलं.
आता थेच गवत गादीसारखं आंथरतात,
फुटाचा भाव सांगून
मीच विकते.
साहेब म्हणे, मधामधात तण येते, औषध कोणतं मारू?
जाऊन पाह्यलं.
घोळ होती, चिवळ होती, कोपऱ्यात कोवळा तरोटा.
औषध नका मारू, म्हटलं, मंगळवारी येतो म्या.
ओचा भरला.
निंदणाचे दोनशे दिले साहेबानं,
रात्री चिवळीची भाजी झाली, डाळ घालून.
हे काही त्यायले सांगितलं नाही.

आन् आज दुपारी, ऊन डोक्यावर असताना,
एक जोडपं आलं मोटरसायकलवर.
लग्न नवं, घर नवं, ले-आउटमधला प्लॉट.
पोरानं पन्नीतून मूठभर माती काढली.
आमची माती कोणती, समजन का?
पाणी शिंपडून मळली, कणकेसारखी,
तळहातावर वळली, करंगळीएवढी जाड,
आन् हळूहळू वाकवली.
तुटली असती तं मुरूम,
चिरली असती तं मधातली.
हे टोकाले टोक लागेपर्यंत वाकली.
काळी हाय, म्हटलं, चिकट.
उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात डबकं.
वाफे उंच घ्या, शेणखत घाला, रेती घाला थोडी.
ले-आउटचं नाव म्या विचारलं नाही.
मळतानाच हातानं वळखली होती.

त्याच्या बायकोनं थे बांगडी उचलून
मनगटात सरकवली.
गार हाय, म्हणे.

लॉनचं काय मंग? पोरगा विचारते. फुटाले किती?
गिऱ्हाईक होतं, सांगून टाकायचा भाव.
म्हटलं, पैसे ठेवा खिशात.
दोन पाणी पडू द्या, हरळी आपोआप येईन तिथी.
कशावरून जी?
मुळी राह्यली हाय खाली.
थो पाहातच राह्यला माह्याकडं.

शेवंतीची दोन रोपं घेतली त्यायनं.
गाडी रस्त्याले लागली
तवा पोरीनं थो हात वर धरला होता,
उन्हात, बांगडी मोडू नये म्हणून.